खुडूक कोंबडीखाली घातलेली पिल्लं

कोंबड्या मी चड्डी घालायच्या वयापासून पाळत आलोय. शाळा दुसरीत सुटली. पण कोंबडी अंडं घालून ओरडतेय का साप बघून ओरडतेय, हे मला आत बसून कळतं. गावात कुणाची कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी घालायची बंद करून उबवायला बसली, की अगोदर मला बोलावणं यायचं. कोणतं अंडं तिच्याखाली ठेवायचं आणि कोणतं खायचं, ते मी कंदिलापुढं धरून सांगायचो. आता बॅटरीवर बघतो. एवढं अगोदरच सांगून ठेवतो, कारण पुढची चूक केली तीही मीच.

तुरीची रास झाली त्या आठवड्यात सून हुमनाबादवरून बसनं एक खोका मांडीवर घेऊन आली. खोक्याला भोकं पाडलेली. आत बारा पिल्लं, मशिनीत उबवलेली, महिना-सव्वा महिन्याची. तिच्या बायकांच्या संघात वाटली होती. लग्न होऊन तिला तीन वर्षं झाली होती. शेत माझ्या नावावर, म्हस माझी, भांडीकुंडी सासूची. मुलगा ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. या घरात तिची म्हणावी अशी पहिली वस्तू म्हणजे ती बारा पिल्लं. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त खोका दिसला.

आमच्या अंगणात तेव्हा सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा होता. त्यातली काळी सगळ्यात जुनी. दाण्यावर पहिली चोच तिची, खुराड्यात वरची जागा तिची.

सून म्हणाली, "मामा, पंधरा दिस येगळी ठिवायची. जुन्या कोंबड्यांनी बघावं, पण चोच लागू नये. बीदरला शिकवलंय आमाला."

"कोंबड्या पाळायला बीदरला जावं लागतंय व्हय?" मी म्हणालो. "काळी खुडूक बसलीय. दिवेलागणीला तिच्या पोटाखाली सरकवतो. सकाळपातूर तिचीच झाली."

"पंख फुटल्यात की त्यांना."

"पंख फुटलं म्हणून आई नको झाली व्हय?"

तिचं माहेर गुलबर्ग्याकडचं, घरात कानडी बोलणारं. मराठीत भांडायला तिला शब्द कमी पडतात असं मी समजून होतो. तिनं पिल्लं डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली झाकली, वर दगड ठेवला.

माझ्या आईची रीत होती. विकतची किंवा दुसऱ्या घरची पिल्लं आणली की दिवेलागणीची वेळ धरायची. चुलीतली गार राख घेऊन पिल्लांच्या अंगाला लावायची, मग तीच राख खुडूक कोंबडीच्या पंखाखाली चोळायची. एकेक पिल्लू जात्याभोवती तीन वेळा फिरवायचं, म्हणजे घर वळखीचं होतं. मग हात कोंबडीच्या मागनं घालून पिल्लू पोटाखाली सोडायचं आणि हात सावकाश काढायचा. घाई केली की कोंबडी हातालाच टोचते. आई गेली तरी मी ती रीत सोडली नाही. जातं आता दळायला लागत नाही, पण पिल्लांसाठी म्हणून मी ते परसात ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी सून संघाच्या बैठकीला गेली. शेजारच्या वाडीत बैठक होती, यायला उशीर होणार होता. मी वाट बघतच होतो म्हणा ना. दगड काढला, डालगं उचललं. बायको ताक करत होती, ती म्हणाली, "अवो, तिला इचारून करा."

"माज्या घरातल्या कोंबड्या, मी कुणाला इचारू?"

राख लावली. जात्याभोवती बाराही पिल्लं फिरवली. ती अंगानं एवढी झाली होती की मुठीत मावत नव्हती, पाय झाडत होती. तिथंच कळायला पाहिजे होतं. काळीच्या खाली चार बसली, बाकीची मी तिच्या दोन्ही अंगाला दाबून ठेवली. काळी घुरघुरली. मी म्हणालो, घुरघुर बाई, सकाळी तुझीच आहेत. खुराड्याचं दार लावलं. सून आली तेव्हा अंधार होता. डालगं मी परत जागेवर ठेवलं होतं, वर दगडही. तिला वाटलं, पिल्लं आत आहेत.

सकाळी उजाडायला मी दार उघडलं. काळी घरटं सोडून दारातच उभी होती, मानेची पिसं फुगवून. मागं बाकीच्या कोंबड्या. पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली. दोन खाली मरून पडली होती, डोकं टोचून टोचून उघडं केलेलं. एकाचा डोळा गेला होता.

मी पाठ वळवली तर सून मागं उभी. हातात कण्यांचा डबा. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. ती वाकली, आत शिरली आणि जिवंत पिल्लं एकेक करून पदरात घेतली. जाताना म्हणाली, "मामा, मला इचारायचं तरी."

त्या दिवशी भाकरी वेळेवर आली, कालवण आलं, पाणी आलं. बोलणं नाही आलं.

दुपारी बायको माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुमची आई दिसाची पिल्लं घालत हुती. काल फुटलेली, डोळं मिचमिच करणारी. महिन्याची कवा घालत हुती?"

"घालत हुती."

"न्हाई घालत. मी ह्या घरात पन्नास वर्सं बघायलेय. तुमाला आईचं अर्धंच ध्यानात हाय."

मी म्हणालो, तुला काय कळतंय. पण मला आठवलं. आईच्या हातात दोन-दोन पिल्लं एका मुठीत मावायची. खुडूक कोंबडीला बारकं पिल्लू आपल्याच अंड्यातलं वाटतं. पंख फुटलेलं पिल्लू म्हणजे तिच्या घरट्यात शिरलेला चोर.

मेलेली दोन मी बांधाला पुरली. येताना रानात रचलेल्या तुराट्यांचा एक भारा डोक्यावर घेऊन आलो. तुरी झोडपल्यावर उरलेल्या त्या काड्या, आमच्याकडं त्यांचा कूड करतात, जळण करतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. खुराड्याच्या शेजारी अंगणात मी तुराट्या रोवून सुतळीनं आवळल्या आणि माणूस आडवा झोपेल एवढी जागा बंद केली. त्यातनं कोंबड्यांना पिल्लं दिसावीत, चोच जाऊ नये. संध्याकाळपर्यंत पाठ मोडली.

सून आली, खाली बसली, तुराट्यांच्या बुडात हात घालून बघितला. "मामा, हितनं मुंगूस येतंय."

एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला राग आला. दिवसभराचं काम, आणि ही एक हात घालते. जेवून झोपलो. सकाळी उठलो आणि सगळं उपटलं. वीतभर चर खणला, तुराट्या त्यात पुरल्या, कडेनं दगड बसवले. तिनं परत हात घालून बघितला. या वेळी पिल्लं आणून आत सोडली.

पहिले दोन दिवस काळी कुडाला चोची मारत फिरायची. तिसऱ्या दिवशी सुनेनं कण्या कुडाला लागून टाकल्या, आतून पिल्लांना, बाहेरून कोंबड्यांना. बा बा बा म्हणून ती बोलवायची, तिच्या माहेरची हाक. मी ती ती ती म्हणतो. कोंबड्या दोन्हीला यायला लागल्या. एका काडीच्या अंतरावर दोन्हीकडची टिपायची, मधेच मान वर करून एकमेकांकडं बघायची.

आठव्या दिवशी मी बघितलं तर काळी कुडाला टेकून उन्हात बसलेली आणि आतून तीन पिल्लं तिच्याच बाजूला. मला वाटलं, झालं. पन्नास वर्षांची नजर आहे माझी. सुतळीची गाठ अर्धी सोडली. मग हात थांबला. सून नळावर घागर भरत होती. मी तिथनंच विचारलं, "उघडू का गं?"

तिनं घागर खाली ठेवली. माझ्याकडं बघत राहिली. सासरा काहीतरी विचारतोय हे तिला कळायला वेळ लागला असावा.

"अजून आठ दिस थांबूया की, मामा."

मी गाठ परत मारली. बायको दारातून हसली. "देवा, काय बघायलेय मी," म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आठ दिवसांनी सुनेनं दुपारची वेळ धरली. अगोदर कोंबड्यांना पोटभर घातलं. अंगणात चार ठिकाणी मेथीच्या काड्या टाकल्या, म्हणजे एकाच जागेवर भांडण नको. कुडाला खाली एक बारकं भोक ठेवलं, पिल्लं पळून आत येतील पण कोंबडी शिरणार नाही एवढं. हे तिनं बीदरला शिकलं का स्वतःच्या डोक्यानं केलं, मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. मग तिनं कूड उघडला.

पिल्लं बाहेर आली. काळीनं एकाला डोक्यात टोचलं. ते ओरडत भोकातून आत. मी काठी घेऊन उठलो.

"मामा, काठी ठिवा. एवढं हुणारच. त्यांची जागा त्यांनाच ठरवू द्या. रगात आलं तरच उठायचं."

"पुन्हा मारली तर?"

"म्हणून तर बसलाव की आपण दोघं."

मी बसलो. औत हाकलंय, विहीर खणलीय, पण त्या दुपारच्या नुसत्या बसण्याएवढं मला कधी काही जड गेलं नाही. काळी टोचायची, पिल्लू पळायचं, परत यायचं. दुसरी एक कोंबडी टोचायची. चार वाजेपर्यंत टोचणं कमी झालं. पिल्लांना कळलं, काळी आली की बाजूला सरायचं.

दिवस मावळताना कोंबड्या खुराड्यात गेल्या. मागनं नऊ पिल्लंही गेली. एक दारात अडलं, जाईना. सून म्हणाली, "तुमी घाला आत. तुमच्या हाताला कोंबड्या दचकत न्हाईत."

मी पिल्लू उचललं. जड झालं होतं, छाती भरलेली.

"कुटं ठिवू?"

"काळीपासनं लांब. कोंबड्याच्या कडंला."

मी तिथंच ठेवलं. हात सावकाश बाहेर काढला. कोंबडा जरा सरकला, पिल्लाला जागा झाली. दार लावून आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, आतली कुरकुर थांबेपर्यंत.