दादांच्या लाल भिंतीला मी दिलेला करडा रंग

आमच्या ऑफिसातल्या थोरल्या ड्राफ्ट्समनइतका रागीट माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. लिंबायतहून निघताना ते रिक्षावाल्यावर तापायचे, ऑफिसात चहा कोमट म्हणून, आणि गरम निघालाच तर कप गळका म्हणून. पण खरा, राखून ठेवलेला राग कंप्युटरवरच्या मॉडेलमध्ये हाताने रंग बदलणाऱ्यांवर. इमारतीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या भिंतींना एक साधा रंग असतो. त्याच्यावर फिल्टरचा, म्हणजे कुठल्या जातीची भिंत कुठल्या रंगात दाखवायची याचा, नियम चालतो. आणि एकच भिंत निवडून तिला हाताने रंग दिला, की तिच्यापुरता नियम गप्प बसतो. दादांच्या फिल्टरमुळे भार पेलणारी, तोडायची नाही अशी भिंत लालच दिसायची. "घरात कायदा माझा," ते म्हणायचे, "पण बायकोनं एका पोराच्या डोक्यावर हात ठेवला का कायदा खलास. इथं तसले लाड नको!" माउसचा क्लिक जरा संशयास्पद वाजला तरी मान वळायची, "हात नको लावू रे भो!"

मी लावला. भेस्तानच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती होती. मालकाला चित्र दाखवायचं, लाल भिंत डोळ्यांत खुपत होती; मी ती करडी केली आणि परत लाल करायला विसरलो. त्यावरूनच साइटचा नकाशा छापला गेला. भिंत निम्मी तोडली तेव्हा वरच्या स्लॅबला तडा गेला. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. नकाशावर सही दादांची.

"दादा, तमारुं फिल्टर ज खोटुं," आमचे गुजराती साहेब म्हणाले; चूक फिल्टरचीच, असा त्यांचा निकाल.

"मना फिल्टर बराबर व्हता! कोणीतरी हात लावेल शे! फाइल उघडा!" कुणीतरी हात लावलाय, हे सांगत दादा टेबलावर मुठी आपटत होते. फाइल कुणी उघडली नाही. मी समोर बसून होतो, मान खाली घालून. त्याच दुपारी त्यांना घरी बसवलं. साहेबांचा मला आजही संताप येतो. पण साहेबांना ठाऊक नव्हतं, मला होतं.

चार वर्षांनी, गेल्या शुक्रवारी, साहेबांना सांगितलं. "जवा दो ने, जूनी वात," म्हणत, सोडून द्या अशा सुरात, ते फोनकडे वळले. रविवारी लिंबायतला गेलो. दादा थोबाडीत मारतील, निदान ओरडतील; खरं तर त्यासाठीच गेलो होतो.

रंग मीच दिला होता, हे त्यांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तो रंग काढला का?"

"काढला."

"मंग?"

"खाली लालच होती, दादा."

"होती ना," ते हळूच म्हणाले, आणि आत चहा सांगितला.

चहा आला तो पार कोमट. दादांनी तो मुकाट्याने पिऊन टाकला.