साहेबाची चक्की

हातानं दळलेल्या कॉफीची चव काही औरच, असं कुणी डोळे मिटून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. परवा नातीच्या घरी तेच झालं. तिच्याकडे कॉफीचं यंत्र आहे. बटण दाबलं की ते स्वतःच दळतं, गाळतं आणि वर फेसही काढून देतं. तिचा एक पाहुणा ती कॉफी भुरकत म्हणाला, "यात जीव नाही हो आजी. पूर्वी बायका हातानं दळायच्या, त्यात माया असायची." मी म्हटलं, "माया कसली, माझा दंड भरून यायचा." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी विनोदी आहे.

आम्ही आलापल्लीला राहत होतो. जिल्हा तेव्हा चांदा. बाबा जंगलखात्याच्या डेपोत मुंशी होते. सागाचे लठ्ठे मोजून घ्यायचे, रचून ठेवायचे आणि साहेब दिसला की उठून उभं राहायचं, हे त्यांचं काम. साहेब दक्षिणेकडे कुठंसं जंगलाचं शिक्षण घेऊन आले होते आणि येताना तिकडून कॉफीची मिजास घेऊन आले होते. बायकामुलं नागपुरात, बंगल्यावर एक खानसामा. तो कॉफीचे दाणे पाट्यावर मसाल्यासारखे वाटायचा आणि मग कॉफीला मिरचीचा वास यायचा. साहेबांनी एकदा वैतागून बाबांना विचारलं, तुमच्या घरी कुणी स्वच्छ हाताचं आहे का? बाबांनी माझं नाव सांगितलं. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी साहेबांची चक्की आमच्या घरी आली. लोखंडी, वर दाणे ओतायचं तोंड, बाजूला दांडा, खाली पूड पडायला लाकडी खण. बाबांनी ती पडवीतल्या बाकाला स्क्रूनं आवळली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवली. आमच्या घरात कॉफी कुणी पीत नव्हतं. चहासुद्धा पाहुणा आला तरच. पण साहेबांची चक्की आमच्या पडवीत आहे, याचा बाबांना असा काही तोरा चढला की विचारू नका.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे मायेची कल्पना येईल. दाणे हिरवे यायचे. ते खापरावर मंद जाळावर भाजायचे, हात एक क्षण थांबवायचा नाही. थांबला की एक बाजू जळते आणि सगळा घाणा कडू होतो. तडतडायला लागले, रंग पिकल्या जांभळासारखा झाला की सुपात ओतून वारा घालायचा. निवले की चक्कीत. दांडा जड होता. एका हातानं बाक दाबून धरायचा, दुसऱ्यानं फिरवायचं. पूड रव्याएवढी हवी, पिठासारखी झाली तर साहेबांना गाळ लागायचा. आणि हे सगळं दोन्ही वेळ ताजं. सकाळी दळलेली पूड संध्याकाळी चालत नसे, कारण साहेबांच्या जिभेला म्हणे लगेच कळायचं. मग पितळी गाळणीतून अर्क उतरवायचा, दूध-साखर घालायची आणि किटली फडक्यात गुंडाळून बाबांच्या हाती द्यायची. बाबा ती देवाचं तीर्थ न्यावं तशी बंगल्यावर न्यायचे. परत येताना तळाशी उरलेली घोटभर कॉफी तेच वाटेत पिऊन टाकायचे.

मी सातवी फायनल झाले होते. आमच्या वस्तीत एवढी शिकलेली मुलगी दुसरी नव्हती. मामा चांद्याला होता, त्यानं मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझी जागा नक्की केली. मोटर आष्टीपर्यंत जायची, तिथून नावेनं वैनगंगा ओलांडायची आणि पलीकडून दुसरी मोटर धरायची. नदी चढली की नाव बंद. नाव बंद म्हणजे माझं वर्ष बुडालं.

आणि ते बुडालं. मी निघणार हे कळल्यावर साहेब हसून म्हणाले, "मुंशीजी, मुलगी चांद्याला धाडता, मग आमच्या कॉफीचं काय?" बस्. एवढंच. दुसऱ्या मिनिटाला ते विसरलेही असतील. बाबांनी मात्र घरी येऊन माझी ट्रंक माळ्यावर टाकली.

"काऊन?" मी विचारलं.

"साहेबाले तुह्याच हातची लागते. त्याची बदली होऊ दे, मंग जा."

साहेबांची बदली झाली नाही. दुसरा उन्हाळा आला, मामानं पुन्हा जागा धरली, आणि बाबांनी पुन्हा तेच ऐकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाच्या जिभेसाठी मी खापरापुढे बसून म्हातारी व्हायचं? रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आई बिचारी मध्ये पडली तर तिलाच बोलणी बसली. मग मी ठरवलं की आता या कॉफीचीच चव घालवायची. साहेबांनीच म्हटलं पाहिजे की ही पोरगी नको.

आमच्याकडे तरोटा होता. पावसाळ्यात बांधाबांधांवर उगवतो, कोवळा असताना भाजी करतात, आणि शेंगा वाळल्या की त्याचं बारीक बी निघतं. हे बी भाजून, कुटून, गुळाच्या पाण्यात उकळून गरीब घरी पितात. बाबांच्या गावी तर वर्षभर तेच. आईनं मडकंभर बी ठेवलं होतं. मी मूठभर तरोटा भाजला, कॉफीच्या दाण्यांत मिसळला आणि दळला. किटली गेली. मी दारात उभी राहून वाट पाहिली. बाबा रिकामी किटली घेऊन आले आणि काही न बोलता डेपोत गेले.

दुसऱ्या दिवशी निम्मा तरोटा. काही नाही. मग मी कॉफीला हातच लावला नाही, नुसता तरोटा भाजून दळला. त्या संध्याकाळी बाबांनी निरोप आणला, "साहेब म्हने, आज भट्टी मस्त जमली."

मला हसू यायला हवं होतं. मी हातातलं सूप अंगणात भिरकावलं. ज्या जिभेसाठी माझं वर्ष गेलं, दुसरं जाऊ घातलं होतं, त्या जिभेला काडीचं कळत नव्हतं! रोजची ताजी पूड, रव्याएवढी, पिठासारखी नको, हे सगळं थोतांड. मी त्यानंतर रोज तरोटाच दिला आणि रोज वाहवा आली.

मग वरचे एक साहेब दौऱ्यावर आले. आमचे साहेब त्यांना घेऊन थेट आमच्या पडवीत, चक्की दाखवायला. बाबांनी धावत जाऊन खुर्च्या आणल्या. मी तरोटा दळला, गाळला, दोन कप पुढे ठेवले. आमच्या साहेबांनी कपावर नाक धरलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "घाई करू नका. तोंडात घोळवा. ताज्या दाण्याची गोष्टच वेगळी. जिभेवर आली की लगेच कळतं."

"साहेब," मी म्हटलं, "यात कॉफीचा एक दाणा नाही. तरोटा आहे. कितीतरी दिवस तरोटाच पिताय तुम्ही." आणि आत जाऊन त्यांच्या दाण्यांचा डबा आणून समोर ठेवला. चोर म्हणू नये कुणी.

पाहुणे आधी कपात बघत राहिले, मग पोट धरून हसले. आमचे साहेब लाल झाले. क्षणभरानं म्हणाले, "मला ठाऊक होतं. पोरीची गंमत चाललीय म्हणून बोललो नाही." कप तसाच ठेवून ते उठले. तासाभरात शिपाई येऊन चक्की सोडवून घेऊन गेला. बाकावर स्क्रूचे वळ तेवढे राहिले.

बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "माही नौकरी खाल्ली तू." नोकरी गेली नाही. साहेबांना तरोट्याची गोष्ट कुठं कागदावर आणायची होती? पण त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी जेवले. आईनं माळ्यावरून ट्रंक काढली आणि बाबांच्या देखत माझी लुगडी भरली. मला थांबवायला आता त्यांच्याकडे चक्कीच नव्हती.

मोटरपर्यंत आई आली, बाबा आले नाहीत. मी खिडकीशी बसले तेव्हा आई खालून हळूच म्हणाली, "तुह्या बापाले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"तरोटा. किटलीतलं उरलेलं पेत होता ना तो? तरोटा पिऊनच मोठा झाला, त्याले वास समजनार नाई? मले म्हने, साहेबाले तं काईच समजून नाई राह्यलं."

"मंग मले काऊन जाऊ नाई देल्लं? मंग मी काऊन बसली होती इथी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "साहेबाले नाई कोन म्हनंन, बाई?"

मोटर सुरू झाली. आई हात हलवत होती, मी हलवला नाही. आष्टीला नाव मिळाली. त्या वर्षी ट्रेनिंग झालं, पुढं जन्मभर नोकरी झाली. बाबा म्हातारपणी माझ्याच घरी राहिले आणि मी त्यांचं सगळं नीट केलं. सकाळी त्यांना चहा द्यायची. कॉफी एकदाही दिली नाही, आणि त्यांनीही कधी मागितली नाही.