खुशालरावांचं दुपारचं केंद्र

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी खुशालराव रेडिओ दुरुस्त करायचा. दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या सिग्नलवर, निरोप धाडायच्या कामावर होता. परत आला तो बोलणं बहुधा तिकडेच ठेवून. बायकोशी दिवसाकाठी दहा शब्द, त्यांतले चार 'हं'. असा माणूस अठ्ठावन्न साली स्वतःचं रेडिओ केंद्र काढतो म्हटल्यावर मी गल्लीभर डांगोरा पिटणार नाही तर काय करणार?

मोडक्या सामानातून त्याने यंत्र जुळवलं. पोच चार गल्ल्यांची. दुपारी एकला तो दहा मिनिटं बोलायचा. नळ केव्हा येणार, कोणाची बकरी हरवली, देवीची लस टोचणारे कुठे बसलेत. पलीकडच्या घरातल्या अकीलाबी डोळ्यांनी अधू, घरात एकट्या. नळाची वेळ कळली की गर्दी व्हायच्या आधी भिंत धरत घागर घेऊन निघायच्या.

रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन काढावं लागे. ते सगळ्यांकडे होतं. बोलायलाही लागतं म्हणून खुशालरावाने दिल्लीला अर्ज केला. 'खाजगी इसमास देण्याची तरतूद नाही,' असं उत्तर आलं. त्याने ते घडी घालून ठेवलं आणि एकला बोलायला बसला.

मला मात्र गप्प बसवेना. थट्टा म्हणून सरकारच्या एका मोठ्या रेडिओ केंद्राला पोस्टकार्ड टाकलं. 'तुमच्यापेक्षा आमचा खुशालराव बरा, निदान नळाची वेळ तरी सांगतो.'

महिन्याभरात बिनतारी खात्याचे साहेब आले. जीप दिसताच यंत्र अकीलाबींच्या ज्वारीच्या कोठीत गेलं. साहेबांनी दुकान उलटंपालटं केलं, काही मिळालं नाही.

"हा इथून बोलतो का?" त्यांनी मला विचारलं.

"साहेब, हा घरातही बोलत नाही."

साहेब हसले. मग त्यांनी मोठ्या केंद्राकडून आलेलं माझं कार्ड टेबलावर ठेवलं. खुशालरावाने अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"'माझ्याकडे यंत्र नाही', एवढं लिहून द्या," साहेब म्हणाले. "मी जातो. यंत्र सापडलं तर खटला होईल आणि दुकानाचं लायसनही जाईल."

"लिही ना बाप्पा," मी पुटपुटलो. "लेकराइकडे पाह्य."

त्याने टाक उचलला, बराच वेळ धरला, खाली ठेवला.

"सिग्नलवर होतो, साहेब. खोटा निरोप आजवर धाडला नाही मी."

तो उठून गेला. यंत्र घेऊन आला, त्यावरची ज्वारी झटकली आणि साहेबांपुढे ठेवलं.

"एक मागनं हाय. उद्यापासून काही लागनार नाही, येवढं यातून सांगू द्या."

"आता ते जप्त झालं," साहेब हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकला दुकानाला कुलूप लावून तो दारोदार निघाला. मी माफी मागायला मागे मागे. अकीलाबी सेट लावून बसल्या होत्या. नुसती खरखर.

"भाऊ, सेट बिगड गया क्या?"

"सेट चांगला हाय, आपा," खुशालराव म्हणाला. "मीच बंद झालो. नळ आज चारले येनार हाय."