विरजणाच्या खोलीची किल्ली

आमच्या दह्याच्या कारखान्यात विरजणाची खोली एकच, आणि तिची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला. त्यांना सगळे विरजणसाहेब म्हणत. "दूधसुद्धा माझा शब्द खाली पडू देत नाही," हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. मलाही ऐकवलं. रोज सकाळी प्रत्येक टाकीतलं दही चमच्याने चाखायचं, चमचा कोटाला पुसायचा आणि त्याच कोटात तडक विरजणाच्या खोलीत शिरायचं, हा त्यांचा खाक्या. बाकी कुणी त्या खोलीत डोकावलं तरी साहेबांचा पारा चढायचा.

मग एका आठवड्यात तीन दिवस दही लागलंच नाही. झाकण उघडावं तर दूध जसंच्या तसं. साहेबांनी क्षणभरही विचार न करता टाक्या धुणाऱ्या मावशींकडे बोट दाखवलं. मावशींचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. पुढच्या आठवड्यात बुधवारी मालकांनी त्यांना सांगितलं, "शनिवारपासून येऊ नका."

मी तपासणीच्या खोलीत काम करते. तोवर मी मावशींनी धुतलेल्या टाक्यांचे, त्यांच्या हातांचे आणि खुंटीवरच्या साहेबांच्या कोटाचे नमुने विरजणाच्या जिवाणूंसोबत बशांमध्ये वाढवले होते. शुक्रवारी एकदाची हिंमत करून त्या बशा मी मालकांच्या टेबलावर मांडल्या. बाकीच्यांत जिवाणूंची दाट साय, कोटाच्या बशीत मात्र भोकंच भोकं.

"ही भोकं एका विषाणूने पाडलीत. तो माणसाला काही करत नाही," मी म्हटलं. "जिवाणूला चिकटतो, स्वतःचा जनुकांचा धागा त्याच्या आत सोडतो आणि टरफल बाहेरच ठेवतो. मग जिवाणू आपलं कामधाम सोडून त्याचीच पिल्लं घडवत बसतो. तासाभरात आत शंभरेक तयार झाली की जिवाणू फुटतो आणि ती शेजारच्यांवर तुटून पडतात. दही लावायला कोण उरणार?"

"मावशींनीच माझ्या कोटाला हात लावला असणार!" साहेब कडाडले.

"कोट धुतं कोण?" मालकांनी विचारलं.

"कुणी नाही!" साहेबांची छाती फुगली. "अकरा वर्षांत मी तो कुणाच्या हाती दिलेला नाही!"

आपण काय बोलून बसलो, हे कळायला साहेबांना जरा वेळच लागला. मालकांनी किल्ली मागून घेतली आणि मावशींना कामावर ठेवलं. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

बाहेर आल्यावर मी जरा ऐटीतच मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे तुला कधी कळलं गं?"

"मंगळवारी." माझी नोकरी पक्की होण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी अडला होता, हे सांगायची मला लाज वाटली.

"म्हणजे मला काढलं तेव्हा तुला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या, आणि टाक्या धुवायला निघून गेल्या.