काय खाल्लं, खरं सांग

बाळंतपणाच्या वॉर्डात नवी बाई आली, की आमची आयामावशी आधी पदरानं तिचे ओठ पुसायची आणि कानाशी विचारायची, “काय खाल्लं? खरं सांग.”

औरंगाबादच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते. कळा सुरू झाल्या की पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हा डॉक्टरांचा दंडक. ऑपरेशनची वेळ आली आणि पोट भरलेलं असलं, तर भुलीत उलटी होऊन जिवावर बेततं. घरच्यांना हे कुठलं पटायला? सासवा खिडकीतून डबे आत सरकवायच्या आणि वर साळसूदपणे सांगायच्या, “सकाळधरनं पाण्याचा थेंब नाय, बाई.”

मावशी भुकेवर कधी रागावली नाही. “उपाशी बैल औत वढतो का?” असं थेट डॉक्टरांनाच ऐकवून तिनं कितीतरी जणींना दोन घोट चहा मिळवून दिला. लपवाछपवी मात्र तिला खपायची नाही. पूर्वी एक बाळंतीण पोर शिरापुरी खाल्ल्याचं लपवून ऑपरेशनच्या टेबलावरच दगावली होती. ते बोलताना मावशी खिडकीबाहेर बघायची.

मग बाळंतपणाला माझाच नंबर लागला. नियम मला तोंडपाठ, पण दुपारपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आईनं चिकलठाण्याहून आणलेला वाटीभर शिरा मी चापला. आई दारात पहाऱ्याला. डॉक्टरांना सांगितलं, “काही नाही खाल्लं.”

तासाभरात बाळाचे ठोके मंदावले. ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचरवर मावशीनं माझे ओठ पुसले आणि तिचा हात थांबला.

“वेलदोड्याचा वास येतोय. काय खाल्लं? खरं सांग.”

मला रडू फुटलं. नर्स असून खोटं बोलले, याची लाज मरणाच्या भीतीहून मोठी होती.

“लाज मागनं वाटू दे, पोरी. तू सांगती का मी सांगू?”

मी सांगितलं. डॉक्टर कडाडले. मग पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन द्यायचं ठरलं. मी वाकून बसले, तेव्हा मावशीनं माझं डोकं छातीशी घट्ट धरलं होतं. मी जागी होते, म्हणून लेकीचं पहिलं रडणं ऐकू आलं.

बाहेर येऊन मावशी आईला म्हणाली, “शिरा लई झकास झाला म्हणं. आमच्या वाटणीचा कुठंय?” आईनं पदर तोंडाला लावला.

रिटायर झाल्यावर मावशी देवगाव रंगारीला भाच्याकडे राहायला गेली. पुढं बऱ्याच वर्षांनी ती आजारी असल्याचं कळलं, म्हणून लेकीला घेऊन गेले. खाटेवर एवढीशी झाली होती. भाचसून दारातच कुजबुजली, “चार दिस झालं, तोंडात काय घेईनात.”

मी जवळ बसले. पदरानं तिचे ओठ पुसले.

“मावशी, काय खाल्लं? खरं सांग.”

तिनं माझ्या लेकीकडे डोळे भरून पाहिलं. “दूधभाकरी खाल्ली की. लई पोट भरलंय.”

ओठ कोरडे होते. वास कशाचाच येत नव्हता.

“बरं केलंस, मावशी,” मी म्हटलं.