चारी बाजूंचा गूळ

तोताराम गवंड्याने उभ्या आयुष्यात गूळ वाटल्याशिवाय घराच्या पायाची दोरी ताणली नाही. मालक सावकार असो की शिपाई, तो आधी एकच विचारायचा, चारी बाजूंना गूळ गेला का? पूर्वेच्या, पश्चिमेच्या, उत्तरेच्या, दक्षिणेच्या शेजाऱ्याने खरेदीचा कागद पाहिला, गूळखोबरं तोंडात टाकलं, की मगच भिंतीचा सरळपणा पाहायचा त्याचा ओळंबा पिशवीतून बाहेर यायचा. एका मास्तरने एकदा घाई केली. शेजारी तोंड वाकडं करतो, त्याला गूळ कशाला, असं तो म्हणाला. तोताराम म्हणाला, मग भिंतही वाकडीच बांधावी लागेल, आणि सायकलवर टांग टाकून अमळनेरला घरी निघून आला. आठवड्याने मास्तरचाच निरोप आला. गूळ गेला आहे, कामाला या.

आता थापी सुटली होती. गुडघे कुरकुरत होते, तरी सकाळी उठून गल्लीतल्या नव्या बांधकामावर जाऊन उभं राहायची सवय सुटली नव्हती. तिथले गवंडी त्याला पाहून विटा भिजवायला घेत.

त्याची मुलगी नूतन इंग्लंडात लीड्सला नर्स. जावई हितेंद्र फैजपूरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. पावसाळ्याच्या तोंडाशी दोघांनी तिथे घर घेतलं. नूतनने फोनवर चावी दाखवली, खोल्या दाखवल्या, आणि खालची खोली आबांसाठी ठेवली आहे, आता तिकीट काढते, असं सांगितलं. तोतारामने कागद मागितला. कागद मागाहून येतो, इथे नोंद व्हायला महिने लागतात, असं ती म्हणाली. आधी चावी आणि मग कागद, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्यात चुलतभाऊ सुपडू, ज्याने जन्मभर त्याच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवला, ओट्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "चावी ते भाडाना घरनीबी ऱ्हास, भाऊ."

तेवढं पुरलं. कागद आला की येतो, असं तोतारामने पोरीला कळवून टाकलं. गवंड्याच्या पोरीचं घर, आणि गवंड्यालाच ते खरं वाटेना. नूतन हसली, पण खालच्या खोलीतला पलंग तिने कुणाला वापरू दिला नाही.

दिवाळी गेली, थंडी पडली, आणि एका सकाळी त्याच्या बायकोच्या, बेबाबाईच्या मोबाइलवर कागद आला. तोताराम टोपी घालून शीतलच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. शीतलने कागद छापून दिले आणि पहिल्या पानावर नूतनचं आणि हितेंद्रचं नाव वाचून दाखवलं. तोतारामने तिला दोनदा वाचायला लावलं. पेढ्यांचं किलोत सांगावं की अर्ध्या किलोत, याचा विचार करत त्याने दुसरं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर नकाशा होता. घरांच्या ओळीच ओळी, सगळ्या काळ्या बारीक रेघांच्या. त्यातल्या एकाच घराला चारी बाजूंनी जाड लाल रेघ मारली होती.

तोतारामने कागदाची घडी केली आणि पेढेवाल्याच्या दुकानावरून सरळ पुढे गेला.

लाल रंग त्याला माहीत होता. काही वर्षांपूर्वी गल्लीतला रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा एक माणूस डबा-ब्रश घेऊन आला आणि त्याच्या ओट्यावर लाल फुली मारून गेला. तो ओटा तोतारामने स्वतः बांधला होता, फरशी पाण्याच्या पातळीला लावून. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी त्याने छिन्नी घेऊन एकेक फरशी स्वतःच उचलली. एकही तुटू दिली नाही. उरलेला ओटा आता दोन माणसं बसतील एवढाच होता.

तिथे एक फुली होती. इथे तर घराभोवती वेढाच होता.

घरी आल्यावर त्याने बेबाबाईला सांगितलं की छपाई नीट आली नाही. सुपडूने पेढे विचारले, तर पेढेवाल्याचा खवा ताजा नव्हता म्हणून सांगितलं. नूतनचा फोन आला की तो परसात जायचा. तिकिटाचं विचारलं तर गुडघ्याचं नाव पुढे करायचा. गुडघा कालपर्यंत स्टेशनपर्यंत जाऊन येत होता, हे बेबाबाईला माहीत होतं.

शेवटी ती चुलीवरची कढई उतरवून समोर येऊन बसली. "कागद उना, अन् तुमी मुका कसाले बठनात?"

तोतारामने बंडीच्या खिशातून घडी काढून तिच्यापुढे ठेवली. "बठ्ठं घर लाल शे. पोरले कोनी फसाडं. पाडतीन."

बेबाबाईने लाल रेघ पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सरळ फोन लावला. तिकडे नूतन ड्यूटीवरून नुकती आली होती. ऐकून ती आधी खळखळून हसली. मग एकदम थांबली.

"आबा, तुमले ओटा याद उना का?"

तोतारामने कागदाची घडी घातली.

"आठे लाल म्हंजे आपलं शे, आबा. लाल रेघना मझार जेवढं, तेवढं आपलं."

त्याने नकाशा पुन्हा उघडला. बराच वेळ पाहिला. रेघ तीच होती, पण आता ती कुंपणासारखी दिसायला लागली. बेबाबाई पदर तोंडाला लावून हसत होती, तिला त्याने हसू दिलं. मग चष्मा पुसला आणि गवंडी जागा झाला. ही रेघ एवढी जाड, तर दोरी तिच्या कोणत्या काठाला लावायची? पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे कुठे लिहिलं आहे? नूतन म्हणाली, इथल्या कागदावर शेजाऱ्यांची नावं नसतात. मग तोंडी सांग, तो म्हणाला.

ती आठवू लागली. एका बाजूला कुत्र्यावाली म्हातारी होती. दुसऱ्या बाजूची गाडी पहाटे निघायची. मागच्या घरात दिवा दिसायचा. नाव एकाचंही तिला सांगता येईना.

"गूळ गया नही, ते घर व्हयनं नही, माय."

नूतन कुरकुरली. इथे असं कुणी कुणाचं दार वाजवत नाही, हातात गुळाचा खडा पाहून लोक घाबरतील. तोताराम म्हणाला, अनोळखी माणसाला सुई टोचतेस, त्याला गूळ देता येत नाही? हितेंद्र मागून मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं.

रविवारी तिचा फोन आला. कागद आणि गूळखोबऱ्याची ताटली घेऊन दोघं फिरून आली होती. पूर्वेची म्हातारी मार्गारेट. तिने गूळ खाल्ला, कुत्र्यालाही दिला, आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. पश्चिमेचा क्वामे बस चालवतो, म्हणून पहाटेची गाडी. मागच्या घराने दार उघडलं नाही, पण संध्याकाळी टॉम नावाचा पोरगा स्वतःच विचारायला आला. दक्षिणेला रस्ता. रस्ता चालतो, तोताराम म्हणाला.

मार्गारेटबाईने आणखी एक सांगितलं होतं. मधली भिंत नूतनच्या घराची आहे आणि ती तिच्या अंगणाकडे झुकली आहे. आधीच्या मालकाला कितीदा सांगितलं, पण तो कधी दारात आलाच नाही. नूतनने भिंतीचा फोटो पाठवला.

तोतारामने नकाशावर पेन्सिलीने चारी बाजूंना नावं लिहिली, कागद देवापुढे ठेवला, वर सुपारी ठेवली आणि सुपडूला पेढे आणायला धाडलं. पूर्ण किलो. सुपडूने पेढा खात नावं वाचली आणि म्हणाला, "पूर्वेस मार्गारेटबाई. तिना आडनाव काय, पाटील का?"

तोताराम बेबाबाईच्या मोबाइलवर तो फोटो बोटांनी मोठा करत होता. भिंतीचं पोट सुटलं होतं, विटांमधला माल पार गळून गेला होता. एवढी वर्षं कुणी हात लावला नव्हता, हे लांबूनही कळत होतं. त्याने फोटो एकदा उभा धरला, एकदा आडवा. मग स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी ओढली. बेबाबाईने गुडघ्याची आठवण करून दिली.

गुडघा बरा आहे, तो म्हणाला, आणि ओळंब्याची दोरी सोडवत बसला. नूतनला निरोप गेला. थंडी ओसरल्यावरचं तिकीट काढ, आणि मी येईपर्यंत त्या भिंतीला कुणाला हात लावू देऊ नको.