पंचनाम्यावरची पाचवी निशाणी

कागदावरच्या होडीत दोन ठिपके होते. ते बघितले आणि कडेवरची पोर सुटता सुटता राहिली... मी कारकुनाचं मेजच धरलं.

भूतखेत मानणारी मी नव्हेच हो. सासू अंगारा लावायची तर मी पदराने पुसायचे. मिशनच्या मडमेकडे दुसरीपर्यंत शिकलेले, तेवढी अक्कल होती. आता ती पण राहिली नाही. जसं झालं तसं लिहिते.

आम्ही चेंदणीचे कोळी. ठाण्यात एक साहेब बलून उडवायला आलेला — कापडाचा भलामोठा गोळा, खाली टोपली, टोपलीत साहेब. उडेपर्यंत गोळा धरून ठेवायला दोर, आणि दोर धरायला आमची माणसं. आमचे हे पण गेलेले. जाळं ओढताना दोर मनगटाला गुंडाळायची आमच्यात सवय. साहेब सोडा म्हणाला, सगळ्यांनी सोडला... यांचा हात सुटेचना. खाडीवरून लांब लांब जाताना मी बघत होते. बलून पडला, साहेब जखमी मिळाला. हे मिळालेच नाहीत.

भटजी म्हणाले, देह नाही तर बारा वर्षं थांब. नाहीतर बुडून मेला असा सरकारी रिपोर्ट आण, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. सासू म्हणाली, माझ्या लेकाला जाळायची घाई झालीय हिला. घाई नव्हती हो. पण रोज सकाळी कुंकवाला बोट लावायचे आणि बोट तसंच राहायचं — लावू की नको...

ठाण्याच्या कचेरीत किती खेपा घातल्या. शेवटी म्हणाले, बलून पडला कल्याणच्या हद्दीत, कागद तिकडे. मग भरतीच्या होडीने कल्याणला गेले. सोबत हिरूकाका, यांचे चुलते. ते त्या पंचनाम्यातले एक पंच.

कारकुनाने वाचून दाखवलं. बुडून मेला, असंच होतं. खाली पाच पंचांच्या निशाण्या. आमच्यात लिहिता येत नाही ते होडी काढतात, ज्याची त्याची वेगळी. पाचवी यांची होती. तिरकी डोलकाठी, यांचीच. पोर झाल्यापासून होडीत एक ठिपका घालायचे, ही आपली बाय म्हणून. कागदावर दोन ठिपके. दुसऱ्यांदा दिवस गेलेत हे मलाच कळलं ते हे गेल्यावर वीस दिवसांनी. पंचनामा तर बलून पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा...

मी हिरूकाकांना विचारलं, पाचवा कोण होता.

"चौघंच होतो गो बाय," ते हळू म्हणाले. "पाचव्यासाठी फौजदार अडून बसलेला. तवा एक जण चिखलातनं वर आला, निथळत. बोरू घेतला, निशाणी काढली, परत खाली गेला. ऊन डोल्यांवर व्हतं. तोंड नाय दिसलं."

एवढं बोलून ते कागदाकडे बघेचनात.

कारकून म्हणाला, "बाई, नक्कल करून देऊ ना? की काही चूक आहे त्यात?"

चूक आहे म्हटलं तर कागद फुकट. मग बारा वर्षं.

मी म्हणाले, चूक नाही.

नक्कल घेऊन आले. परवा पुतळा जाळणार. सासू माझ्या हातचं पाणी पण घेत नाही. पोटातलं आता हलायला लागलंय. हे कुठे जिवंत असतील तर मी जित्या नवऱ्याला जाळतेय... आणि नसतील तर तो बोरू कोणी धरला? मला काही उलगडत नाही. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगा — माझ्या जागी असता तर त्या कारकुनाला काय म्हणाला असता?